दामिनीची ओळ

माझी भाची दामिनी अंजनगाव सुर्जीची. तिथून समुद्र इतका लांब की माशालासुद्धा तिकीट काढावं लागेल. पोरगी कोचीला शिडाची बोट शिकायला निघाली तेव्हा अकोल्याच्या स्टेशनवर मीच म्हणालो, "चार दिवसांत वापस येशीन." चुकलोच मी.

तिचे वडील, माझे मेहुणे केशवराव, कौतुक करायला जन्मालाच आलेले नाहीत. घरात मुलगा नाही, म्हणून पोरीच्या हाती डवरा दिला. कपाशीच्या दोन ओळींमधून बैलजोडी हाकायची, तण निघालं पाहिजे आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटता कामा नये. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, आली की यांचा एकच प्रश्न, "किती पऱ्हाट्या उपटल्या?"

बोटीवर तिनं पहिल्याच दिवशी घोळ घातला. सुकाणूचा दांडा डावीकडे ओढला की बोट उजवीकडे वळते. ही मात्र बैलाचा कासरा ओढावा तशी, जायचं त्याच बाजूला दांडा ओढायची. पोरांनी तिचं नावच 'बैलगाडी' ठेवलं. शिकवणारे रविकांत सर म्हणाले, "गोव्यापर्यंत बोट सरळ चालवून दाखव, नाहीतर तिथूनच घरी जा."

कोचीहून निघाल्याच्या चौथ्या सकाळी वारा पिसाळला. मागून घराएवढ्या लाटा. बोट लाटेला आडवी झाली असती तर कलंडलीच असती. एका लाटेनं सरांना असं आपटलं की त्यांचा खांदा निखळला. बाकीची चार पोरं ओकून आडवी पडलेली. ओकत तर हीसुद्धा होती.

"सर, मी धरते," ती म्हणाली. सरांजवळ दुसरा इलाज नव्हता.

सुरुवातीला तिनं दांडा घट्ट आवळला, तर बोट जास्तच झिंगायला लागली. मग तिला बापाची शिवीगाळ आठवली: "कासरा सैल सोड! बैलाच्या पायाकडे काहून पायतं? समोरच्या निंबाकडे पाहा!" तिनं पकड सैल केली. समुद्रात निंब कुठून येणार? समोरच्या ढगाची कड धरली, मधून मधून होकायंत्र पाहिलं आणि दुपार टळेपर्यंत जागची हलली नाही.

गोव्याला उतरल्यावर सरांनी तिला पास केलं. बोट ज्या वाटेनं आली तिचा यंत्रातला नकाशाही त्यांनी केशवरावांच्या मोबाइलवर धाडला. मी तेव्हा अंजनगावलाच होतो. मेहुण्यांनी चष्मा लावून ती निळी रेघ शेत पाहावं तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पोरीला फोन लावला.

"इथं मधात वाकडी झाली. काहून?"

"तिथं मी ओकली, बाबा."

केशवरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बाकी ओळ सरळ हाय," ते म्हणाले. "एकबी पऱ्हाटी उपटली नाही, पोरी."

तिकडून रडण्याचा आवाज आला. इकडे मी रडत होतो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.