विमानाचा हात कुठून आला

टीव्हीवरच्या कार्टूनमधला तो ट्रक उभा राहायचा आणि त्याचा माणूस व्हायचा. मधे काय झालं ते कधीच दिसायचं नाही. पडदा क्षणभर पांढरा व्हायचा, खडखडाट ऐकू यायचा, आणि दोन पायांवर उभा लोखंडी माणूस तयार. सहा चाकं कुठे गेली, डिझेलची टाकी कुठे गेली, ड्रायव्हरची सीट कुठल्या बरगडीत बसली, हे कोणी विचारायचं नाही. मी विचारायचो आणि मेसमधली पोरं हसायची.

माझे वडील पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा टेम्पो चालवायचे. टेम्पोची मागची फळी खाली पडायची तर बिजागरी लागते, आणि बिजागरी वाकली की तीच फळी दोन माणसांना हलत नाही, हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहिलेलं. त्यामुळे त्या पांढऱ्या झगमगाटाचा मला मनापासून राग यायचा. एक साधी फळी हलवायला माणसांना एवढा घाम गाळावा लागतो, आणि हा अख्खा ट्रक फुकटात माणूस होतो.

ही दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. मी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत एक काकू घरगुती मेस चालवायच्या, तिथे मी दोन्ही वेळ जेवायचो. काकूंचे यजमान ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. दुपारी जेवताना टीव्हीवर जपानी कार्टून लागायची, हिंदीत बोलणारी. काका ताट मांडीवर घेऊन आमच्याइतक्याच आवडीने बघायचे.

एका दुपारी नवीन कार्टून सुरू झालं. त्यात ट्रक नव्हता, लढाऊ विमान होतं. ते विमान आकाशात असतानाच माणूस झालं आणि पडदा पांढरा झाला नाही. इंजिनाची दोन नळकांडी खाली वळली आणि त्यांचे पाय झाले. पंख मागे सरकून पाठीवर घडी झाले. नाक दुमडून छातीवर आलं, पण वैमानिकाची खुर्ची आतल्या आत फिरली आणि तो सरळच बसून राहिला. सगळं एका ठरलेल्या क्रमाने. आधी खटका निघाला, मग सांधा फिरला, मग दुसरा खटका बसला. काकांचा घास हातातच राहिला.

ते म्हणाले, "हे ज्यानं काढलंय ना, त्याचा हात कधीतरी मशीनमधी अडकलेला हाय."

पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. द्वारकेजवळच्या एका दुकानात त्या कार्टूनची सीडी भाड्याने मिळाली. ती घेऊन मी सायबर कॅफेत बसायचो, चित्र थांबवायचो, वहीत काढायचो, पुन्हा थोडं पुढे न्यायचो. त्यातलं सगळंच खरं होतं असं नाही. एवढ्या उंचीचं यंत्र दोन पायांवर उभं राहणं मुळात कठीण. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, तळपायाची जागा मात्र चौपटच होते. आमच्याकडच्या काळ्या रानात ते यंत्र उतरलं असतं तर गुडघ्यापर्यंत रुतलं असतं. पण काढणाऱ्यांना हे माहीत असावं, कारण त्यांनी पाय रुंद केले होते आणि उतरताना इंजिनाचा झोत खाली मारून वजन तोललं होतं. जिथे निसर्गाचा नियम मोडावा लागला तिथे त्यांनी तो एकदाच मोडला होता, आणि बाकी ठिकाणी निमूटपणे पाळला होता. पोरांच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी इतकं खपलं होतं.

फक्त हात खोटे होते. विमान असताना दोन्ही हात पोटाखाली, दोन पायांच्या मधे घडी करून ठेवलेले. माणूस होताना ते खांद्यापर्यंत येतात. पण मधली चित्रं एकेक करून पाहिली की कळायचं, दोन चित्रांमध्ये हात पायातून आरपार जातो. मला वाटलं, हा हात खरोखर कसा येईल ते मी काढतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच.

आमच्या कॉलेजात प्रोजेक्टची एक रीत होती. लॅबच्या कोपऱ्यात पत्रा कापायचं एक मशीन होतं. दर वर्षी एखादा ग्रुप ते उचलायचा, घासायचा, नवा रंग द्यायचा, रिपोर्टवर स्वतःची नावं घालायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ठेवायचा. ते यंत्र पत्रा कापतं का, हे कोणी पाहत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा नवा रंग. त्याच्या एका कोपऱ्यातला पोपडा मी नखाने काढला होता तेव्हा खाली निळा, त्याखाली हिरवा आणि त्याखाली शेंदरी रंग दिसला होता. माझ्या ग्रुपमधल्या तिघांनी तेच मशीन घ्यायचं ठरवलं. मी गाईड सरांकडे माझी वही घेऊन गेलो.

त्या सरांबद्दल आधी एक सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी माझ्याकडे पुस्तकं नव्हती, तेव्हा बुक बँकेच्या फॉर्मवर त्यांनीच सही केली होती आणि एकाऐवजी दोन संच मिळवून दिले होते. वडिलांनी त्यांना द्राक्षांची पेटी नेऊन दिली, ती त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटली. मी त्यांचा ऋणी होतो आणि आहे. त्यांनी माझी वही पाच-सहा पानं चाळली. मग शेजारच्या सरांना दाखवली. दोघं हसले.

"कार्टून बघून इंजिनिअर होणार का तू?" सर म्हणाले. "वडिलांनी टेम्पो चालवून इथे पाठवलंय, ते ह्यासाठी?"

वडिलांचं नाव मधे आणायची काही गरज नव्हती. कान तापले होते. त्यांना वहीतली एकही आकृती समजून घ्यावीशी वाटली नाही, आणि लॅबमधलं ते अनेक रंगांचं मशीन मात्र त्यांना प्रोजेक्ट वाटत होतं. शेवटी त्यांनी एक वाट काढून दिली. एकट्याने करायचं असेल तर कर, म्हणाले, पण रिपोर्टवर 'घडी होणारा यांत्रिक हात' एवढंच लिही. कार्टूनचा शब्द त्यात दिसता कामा नये. कोणी विचारलंच तर परदेशी मासिकात वाचलं म्हण. आणि मॉडेल रंगवून आण, बिनरंगाचं असेल तर सही मिळणार नाही.

मी हो म्हणालो. जेवताना काकांना सगळं सांगितलं. सरांच्या हसण्यावर काकांनी एक शिवी दिली, काकूंनी डोळे मोठे केले. त्या दिवसापासून मेसची मागची पडवी आमचं वर्कशॉप झाली.

प्लायवूडचं धड आणि पाय, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या चार दांड्या, बोल्टचे सांधे. मी कागदावर दोन टोकं अचूक काढली होती, पोटाखालचा हात आणि खांद्यावरचा हात. काकांनी कागदाकडे फार पाहिलं नाही. ते म्हणाले, "चाक वर गेलं अन् खाली आलं, ते कुनालाबी दिसतं. अडकतं ते मधी." कारखान्यात विमान उचलून अधांतरी धरायचे, मग त्याची चाकं अगदी सावकाश आत-बाहेर करायचे, आणि एक माणूस आत डोकं घालून फट बघत बसायचा. जिथे डोळा पोचत नाही तिथे मातीसारखा मऊ गोळा चिकटवायचे. चाक जवळून गेलं की गोळा दबायचा, मग तो काढून त्याची जाडी मोजायची. जेवढी जाडी तेवढी फट.

आमच्याकडे तसला गोळा नव्हता. काका आत गेले आणि काकूंच्या परातीतून कणकेचा गोळा घेऊन आले. काकू मागोमाग आल्या.

"पोळ्या कमी पडल्या तर पोरांना काय ह्याचं विमान वाढू का?"

"तुझी कनीक वाया नाय जात. भाजून देतो तुला," काका म्हणाले.

पायाच्या आतल्या बाजूला कणीक चिकटवून आम्ही हात फिरवला. पहिल्या वेळी कणीक साफ चिरडली गेली आणि दांडी प्लायवूडमध्ये रुतली. मी सांध्याची जागा बदलली. पुन्हा कणीक, पुन्हा चिरडली. असे कित्येक दिवस गेले. मधल्या सांध्याला थोडा बाक दिला, एक दांडी अंगठ्याएवढी आखूड केली, आणि एका संध्याकाळी हात पायाला न शिवता मधून निघाला, वर आला आणि खांद्यावर बसला. दबलेली कणीक मोजली. दीड मिलिमीटर. काकांनी तो गोळा कपाळाला लावला. मला त्या वेळी कॉलेजात मिळालेल्या कुठल्याही मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

मग मी ते रंगवलं. सरांनी सांगितलं होतं म्हणून. प्लायवूडच्या भेगा दिसू नयेत म्हणून सगळीकडे पुट्टी भरली, घासली, वर ऑइलपेंटचे दोन हात दिले, करडा रंग. लॅबमधल्या त्या मशीनपेक्षा माझं मॉडेल कमी दिसू नये, ही हाव मला सुटली होती. काका त्या आठवड्यात गावी गेले होते. रंग ओला होता, डाग पडेल म्हणून मी हात फिरवून पाहिलाच नाही. तसंच रिक्षात मांडीवर धरून कॉलेजात नेलं.

परीक्षक साठीच्या आसपासचे होते, शांत. ग्रुपमधल्या तिघांचं मशीन त्यांनी दोन मिनिटांत पाहिलं, रंगाची तारीफ केली आणि पुढे आले. मी दांडी धरून फिरवली. हात पोटाखालून निघाला, पायापाशी आला आणि अडकला. मी जोर लावला तर अख्खं मॉडेल टेबलावर सरकलं. मागे कोणीतरी हसलं. सर घड्याळाकडे बघू लागले.

मला एका क्षणात कळलं काय झालं ते. दीड मिलिमीटर फट, आणि दोन्ही बाजूंना पुट्टी आणि रंग. फट मी स्वतःच्या हाताने बुजवली होती. महिनाभर कणीक दाबून जी जागा मिळवली होती ती मी शोभेसाठी घालवली होती. इतका राग मला सरांचाही आला नव्हता.

मी परीक्षकांना म्हणालो की रंगामुळे अडकलंय, पाच मिनिटं द्या. ते खुर्ची ओढून बसले. मी कॉलेजच्या वर्कशॉपमधून पटाशी आणली आणि त्यांच्यासमोर पायाची आतली बाजू खरवडली. करड्या रंगाचे पोपडे टेबलावर पडले, खालचं पिवळं लाकूड उघडं झालं. मग दांडी सावकाश फिरवली. हात मधून निघाला, वर गेला आणि खांद्यावर बसला. परीक्षकांनी स्वतः उठून तो चार वेळा खाली-वर केला. मधे थांबवून आत वाकून पाहिलं. फट कशी मोजली विचारलं. मी म्हणालो, मऊ गोळा चिकटवून. कणीक म्हणालो नाही.

मग त्यांनी विचारलं, "कल्पना कुठून सुचली? आणि ही फट बघायची पद्धत कुणी शिकवली?"

सर परीक्षकांच्या मागेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, बघायची गरजच नव्हती. पण समोरच्या त्या परीक्षकाने स्वतःच्या हातांनी तो हात चार वेळा फिरवला होता. तो हसला नसता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी फक्त खरं बोलायचं बाकी होतं.

"एका परदेशी मासिकात वाचलं होतं, सर," मी म्हणालो.

परीक्षकांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला मिळाले. फर्स्ट क्लास त्यावरच आला. वडिलांनी पिंपळगावला टेम्पो थांबवून थांबवून लोकांना निकाल सांगितला.

काका गावाहून परत आले तेव्हा मी जेवत होतो. चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "कार्टूनचं सांगितलंस का सायबाला?"

"सांगितलं."

"हसला असंल."

"नाही, हसले नाहीत."

काका खूश झाले. काकूंना हाक मारून त्यांनी ते दोनदा सांगितलं. त्यानंतर मेसमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ह्यानं सायबासमोर छातीठोक सांगितलं कार्टूनमधून घेतलंय म्हणून, अन् कनकेचंबी सांगितलं. मी समोर बसून भात कालवत राहायचो. नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना भेटायला गेलो तेव्हाही त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून तेच सांगितलं. आता ते नाहीत.

सरांवर मी अनेक वर्षं चिडलो. ते कार्टूनला हसले म्हणून, वडिलांना मधे आणलं म्हणून, खोटं बोलायला शिकवलं म्हणून. तो राग खोटा नव्हता, पण सोयीचा होता. परीक्षकांपुढे मासिकाचं ते वाक्य मीच म्हणालो होतो. ते म्हणताना माझी जीभ अडखळली नव्हती, आणि काकांशी बोलतानाही नाही.

म्हणून इथे लिहितो. तो हात मी एका जपानी कार्टूनमधून घेतला होता. त्यात तो जिथे चुकला होता, ती जागा मी चित्र थांबवून थांबवून शोधली. फट मोजायची रीत ओझरच्या एका फिटरची आणि कणीक त्यांच्या बायकोची. परदेशी मासिक मी तोवर एकही पाहिलं नव्हतं.