टिपणीसबाईंचा हनुक्का

सरोजिनी टिपणीस या बाईंना मी अकरा वर्षं ओळखतो आणि त्यातल्या एकाही वर्षी मला त्या आवडल्या नाहीत. खोदादाद सर्कलच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस कागद पुढे कसा करतो यावरून मला त्याची जात नाही, पण लायकी कळते. टिपणीसबाई कागद दोन बोटांत धरून देतात आणि म्हणतात, "दीपक, काळे पट्टे नकोत हं. फ्रेंच आहे." जणू मराठी कागदावर काळे पट्टे पडले तर चालतात.

बाईंचं वय एकाहत्तर. हिंदू कॉलनीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत फ्रेंचचा क्लास. नवरा गोदीत कारकून होता. तो असेपर्यंत दारावर त्याच्या नावाची पाटी होती. तो गेला, तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी 'मादाम एस. टिपणीस' अशी नवी पितळी पाटी लागली. मुलांनी मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नाही. मादामच म्हणायचं, आणि ओठ पुढे काढून म्हणायचं.

हे फ्रेंच त्यांना आलं कुठून, तेही सांगतो. जन्म गिरगावातला, ठाकूरद्वारच्या चाळीतला. विम्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. सत्ताविसाव्या वर्षी फ्रान्सला निघालेला एक इंजिनियर सांगून आला. मध्यस्थ म्हणाला, मुलीला थोडं फ्रेंच येत असेल तर बरं. बाईंनी ऑफिस सुटल्यावर फोर्टात क्लास लावला आणि चार महिन्यांत घोकून घोकून तयार झाल्या. इंजिनियरने दुसरीच केली. बाईंनी फ्रेंच ठेवून घेतलं. पॅरिसला त्या एकदाच गेल्यात, सहलवाल्यांबरोबर. अकरा दिवसांत सात देश आणि रात्री वरणभात. पॅरिसच्या वाट्याला दीड दिवस आला. त्या दीड दिवसावर बाईंनी पुढची वीस वर्षं काढली.

पालकही त्याच मापाचे. फ्रेंच स्कोअरिंग आहे म्हणून घ्यायचं, पंच्याण्णव मार्क आणायचे आणि खरा फ्रेंच माणूस समोर आला की 'बोंजूर'च्या पुढे खोकला काढायचा. मी या लोकांना गल्ल्यावर बसून हसायचो. मग माझी श्रेया नववीत गेली आणि मीही तिला फ्रेंचच दिलं. क्लासही टिपणीसबाईंचाच लावला. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत ही गोष्ट मी दहा जणांना सांगितली. हसायला मग कोणी उरलं नाही.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती, तिला त्या 'सणातून शब्द' म्हणायच्या. एक सण घ्यायचा, त्यातले तीस शब्द पाठ करायचे. मी एकदा म्हटलं, "मग गणपती घ्या की. मुलांना सगळं माहीत असतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहा सांडलाय. म्हणाल्या, "दीपक, त्यात युरोप कुठे आहे?" नाताळ घ्यावा तर स्टेशनजवळचा दुसरा क्लासवाला दर वर्षी नाताळ करतो, टोप्या घालून. त्याच्यासारखं करायचं म्हणजे कमीपणा. शेवटी बाईंना इंटरनेटवर हनुक्का सापडला.

तो कागद माझ्याच मशीनमधून निघाला, चाळीस प्रती. वर मेणबत्त्यांचं चित्र, खाली शब्द. बूझी म्हणजे मेणबत्ती, उइल म्हणजे तेल, तुपी म्हणजे भोवरा. ज्यू लोकांच्या देवळात एका दिवसापुरतं तेल उरलं होतं, ते आठ दिवस पुरलं, म्हणून हिवाळ्यात आठ रात्री दिवे लावायचे, अशी गोष्टही आठ वाक्यांत होती. बाई म्हणाल्या, "बघ, किती अनोखा सण. आपल्याकडे कोणाला ठाऊकसुद्धा नाही."

मला ठाऊक होता. आमच्या खोलीला लागून मिल्काबाई रोहेकरांची खोली आहे. रोहेकर म्हणजे मूळच्या रोह्याकडच्या, पण बेने इस्रायली, आमच्या कोकणातल्या ज्यू. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्स. चाळीतल्या प्रत्येक ढुंगणाला त्यांची सुई माहीत आहे. माझी आई शेवटचे सात महिने अंथरुणावर होती, तेव्हा तिला कुशीवर वळवायला, पुसायला, पावडर लावायला मिल्काबाई दोन वेळा यायच्या. मी मुलगा, मी दारात उभा राहायचो. दर डिसेंबरात त्यांच्या भिंतीवर पितळेची एक चौकट लागते, तिला काचेचे आठ छोटे पेले आणि वर एक नववा. पेल्यांत खोबरेल तेल आणि वाती. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असं आठपर्यंत. वरच्या नवव्या दिव्याने बाकीचे लावायचे. श्रेया चालायला लागल्यापासून ते दिवे तीच लावते.

पण बाईंना हे असं सांगितलं नाही मी. टेंभा मिरवायची खुमखुमी मलाही होती. मी नुसतं म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एक ज्यू बाई आहेत. विचारू का?"

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे खऱ्या?"

"अगदी खऱ्या."

"त्यांना फ्रेंच येत असेल थोडं?"

मी म्हटलं, "कल्पना नाही." हे मात्र खोटं.

यात माझा काय स्वार्थ होता तो सांगून टाकतो. मेमध्ये बाईंच्या ओळखीने तीन मुलं दोन आठवडे फ्रान्समधल्या लियाँला जाणार होती, तिथल्या घरांत राहायला. कोणती तीन, ते बाई ठरवणार होत्या. श्रेयाचं नाव त्यात यावं म्हणून मी काहीही केलं असतं. आमच्या घरातलं कोणी लालबागच्या पुढे शिकायला गेलेलं नाही.

मिल्काबाईंना विचारलं, तर त्या एकदम खाली बसल्या. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार होती, त्यांचा मुलगा इस्रायलात, अश्दोदला, जानेवारीत त्या कायमच्या तिकडे जाणार होत्या. म्हणाल्या, "दीपक, इथला शेवटचा हनुक्का रे माझा. पूर्वी या चाळीत आमची चार घरं होती, पोरांचा नुसता गलका असायचा. एक रात्र तरी पोरांच्या गर्दीत लावीन म्हणत होते. माझं ते पितळेचं घेऊन येते मी. आणि तेल पण माझंच हां, त्यांना सांग." दोन दिवस त्या ती चौकट चिंचेने घासत होत्या.

रविवारी संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम. त्या दिवशी हनुक्काची पाचवी रात्र होती. मिल्काबाई मोरपंखी रेशमी साडी नेसल्या, अंबाड्यावर गजरा, हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. त्यांच्यात बायका घालतात. नवरा गेल्यावरही त्यांनी काढलं नव्हतं. कापडी पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली चौकट आणि तेलाची बाटली. टॅक्सीत पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

बाईंच्या दारात अत्तरांचा घमघमाट होता. वकील, डॉक्टर, बँकवाले असे पालक आत खुर्च्यांवर बसलेले. पुढे एका खुर्चीवर मखमली उशी आणि उशीवर फ्रेंचमध्ये 'सुस्वागतम्' लिहिलेलं कार्ड, तेही मीच लॅमिनेट केलेलं. टेबलावर बॅटरीवर चालणाऱ्या नऊ मेणबत्त्या. बाई स्वतः दारात उभ्या, गळ्याला स्कार्फ. श्रेया माझ्यामागे चपला काढत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मिल्काबाईंकडे पाहिलं, त्यांच्या गजऱ्यावर, मंगळसूत्रावर, पिशवीवर त्यांची नजर एक फेरी मारून आली. मग मिल्काबाईंच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि पाहुण्या? खाली गाडीत आहेत का?"

एवढंच बोलायचं होतं, की याच त्या. दोन शब्द. माझ्या जिभेवर होते. पण मला त्या खुर्चीवरची उशी दिसली, आतले ते वकील-डॉक्टर दिसले, बाईंच्या कपाळावर चढायला लागलेली आठी दिसली. रोह्याची बाई खरी ज्यू म्हणून आणली, या दीपकने आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटणार, हे मला स्पष्ट दिसलं. मला लाज वाटली. मिल्काबाईंची लाज वाटली मला.

मी म्हटलं, "त्यांना जमलं नाही हो. तब्येत बिघडली ऐन वेळी. या आमच्या शेजारी. श्रेयाला बघायला आल्यात."

मिल्काबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि बाईंना नमस्कार केला. श्रेया चपला हातातच धरून उभी होती.

"ऊ ला ला, किती निराशा!" बाई म्हणाल्या. "असू दे. बसा आजी, मागे जागा आहे."

मागे, फ्रिजजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर मिल्काबाई बसल्या. बाईंनी बटण दाबलं आणि नऊच्या नऊ मेणबत्त्या एकदम पेटल्या. सगळ्यांनी फोन वर केले. मिल्काबाई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आज पाचच लावायच्या असतात. सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "राहू दे ना आजी." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आजी म्हटलं. चाळीत आम्ही सगळे त्यांना मिल्काबाई म्हणतो.

मग बाईंना हौस आली की पालकांनीही शब्द म्हणावेत. त्या एकेकासमोर जाऊन म्हणवून घ्यायला लागल्या. वकील बूझी म्हणाले, टाळ्या. डॉक्टरीणबाई उइल म्हणाल्या, टाळ्या. फिरत फिरत बाई फ्रिजपाशी आल्या. "आता आपल्या आजी! आजी, या सणाचं नाव सांगा बघू. आत्ताच शिकवलं मी."

मिल्काबाई म्हणाल्या, "हनुक्का."

"नाही, नाही! 'ह' नाही म्हणायचा. आनुका. म्हणा, आनुका."

बाई एकाहत्तरच्या, मिल्काबाई चौऱ्याहत्तरच्या. जो सण त्यांच्या आईने, आजीने, खापरपणजीने माहेरच्या नागावात समुद्राच्या वाऱ्यात हाताचा आडोसा धरून लावला, त्याचं नाव त्यांना फ्रिजला टेकवून शिकवलं जात होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी आता तरी काही बोलतोय का, एवढंच पाहिलं असावं. मग त्या बाईंकडे बघून म्हणाल्या, "आनुका."

"ब्राव्हो!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात आपोआप वर आले, ते मला नंतर कळलं.

शेवटी श्रेयाने ती तेलाची गोष्ट म्हणून दाखवली. आठही वाक्यं, एकही चूक नाही. एरवी ती बोलताना हसते, त्या दिवशी हसली नाही. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. ती मान मला समजली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

परतताना टॅक्सीत बसलो. मला राहवलं नाही, म्हणून मी बाईंना शिव्या घालायला सुरुवात केली. दीड दिवस पॅरिस पाहिलेली बाई, काय तो स्कार्फ, काय त्या बॅटरीच्या मेणबत्त्या, काडीची अक्कल नाही आणि तोरा केवढा. मिल्काबाई बाहेर बघत ऐकत होत्या. लालबाग आलं तेव्हा म्हणाल्या, "तिला कशाला बोलतोस? तिला कोणी सांगितलंच नाही, तर तिला कसं कळणार?"

चाळीत आल्यावर त्यांनी चौकट भिंतीला लावली, तेल घातलं आणि श्रेयाने पाच दिवे लावले. मी आमच्या दारात उभा राहून बघत होतो. मध्ये तीन पावलांचं अंतर, पण माझा पाय उचलला नाही.

मंगळवारी ग्रुपवर बाईंचा मेसेज आला. लियाँच्या तीन नावांत श्रेयाचं नाव पहिलं. मी दुकान लवकर बंद केलं, पेढे घेतले, घरी आलो आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. प्रितीच्या, माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. श्रेया अभ्यास करत होती, तिने वाचून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडे पहिल्या दिवशी घरच्यांचा फोटो दाखवून सांगावं लागतं, हे कोण, ते कोण. मादाम म्हणाल्या."

"मग? दाखव की."

"तुम्ही कोण म्हणून सांगू?"

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला लागलो, तेव्हा ती वही मिटून शेजारी सातवा दिवा लावायला गेली. मला कोणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायला मला तोंड नव्हतं.