पोलादपूरच्या फळ्यावर लिनक्स

पोलादपूरच्या वाचनालयाबाहेर भिंतीला एक फळा होता. वर सुविचार, मध्ये वर्तमानपत्रातल्या ठळक बातम्या आणि खाली गावातलं निधन, चुकलेली म्हैस, उद्या वीज नाही, अशी त्याची रचना. हे सगळं रोज सकाळी ग्रंथपाल कमलाकर स्वतः लिहीत. महाबळेश्वरची गाडी येईपर्यंत माणसं तो फळा दोनदा वाचत आणि गाडी फारच उशिरा आली तर पाठ करत.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक नवा चौकोन उगवला. त्याचं नाव ‘मुक्त सॉफ्टवेअर वार्ता’.

याला कारण कमलाकरांचा भाचा. निषाद पुण्याला संगणकाचं शिकत होता आणि मामाला वाचनाचं भलतं वेड. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा मामा दोन्ही बाजूंनी वाचत. म्हणून निषादने इंटरनेटवरच्या बातम्या छापून त्यांची जुडी एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडली. त्यात लिहिलं होतं की जगात काही माणसं संगणकाचे प्रोग्राम लिहितात आणि सगळ्यांना देऊन टाकतात. वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, नकला काढून वाटा, सगळ्याला परवानगी.

कमलाकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला. बावीस वर्षं ते लोकांच्या दारात उभे राहून पुस्तकं परत मागत आले होते. पुस्तक एकाकडे गेलं की दुसऱ्याला नाही, या एका नियमावर त्यांचा जन्म गेलेला. आणि इथे दिलेली वस्तू देणाऱ्याकडे राहतेच! अशी माणसं असतात तरी कशी? जेवतात काय? यांच्या बायका काही बोलत नाहीत का?

पुढच्या जुड्या दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. कमलाकर त्यातली एक बातमी निवडत आणि खाली ‘आमचे मत’ लिहीत. ‘जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने आपल्या सर्व संगणकांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरण्याचे ठरवले. आमचे मत: निर्णय स्वागतार्ह. इतरांनी धडा घ्यावा.’

हे ‘इतर’ म्हणजे आपणच, असं ग्रामपंचायतीला उगीचच वाटलं आणि आठवडाभर तिथला शिपाई वाचनालयात पेपर वाचायला आला नाही. ग्रामपंचायतीत तेव्हा संगणकच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

फळ्याचा सगळ्यात कडक वाचक म्हणजे डोंगरावरच्या कुडपणचा श्रीपत. तो शेतकरी, कमलाकरांचा शाळेतला सोबती, बाजाराला खाली उतरला की फळ्यापुढे ठाण मांडायचा.

“कमळ्या, त्या म्युनिकात नगरपालिका हाय म्हंतोस?”

“आहे.”

“नळाला पानी येतं काय रोज?”

“ते बातमीत नाही.”

“मंग बातमी अर्धीच हाय रे.”

नोव्हेंबरात जुडीबरोबर एक तबकडी, म्हणजे सीडी, आली. संगणकात घालून तो पुन्हा चालू केला की लिनक्स थेट तिच्यावरूनच चालतं, असं निषादने चिठ्ठीत लिहिलं होतं. वाचनालयात आलेल्या कुठल्याही वस्तूचं कमलाकर जे करत, तेच त्यांनी तिचंही केलं. दाखलनोंदवहीत क्रमांक घातला. तबकडीच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी खळीने चिकटवली. शेजारी तारखेचं कार्ड ठेवायचा कागदी खिसा चिकटवला. मग ती काचेच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी उभी केली. वाचनालयात संगणक नव्हता, त्यामुळे ती तिथेच राहिली.

जानेवारीत फळ्यावर लिनक्सच्या नव्या आवृत्तीची बातमी आली. ‘आमचे मत: अत्यंत वेगवान व भरवशाचे.’

श्रीपतने वाचलं. पिशवी खाली ठेवली.

“कमळ्या, तू सोता बगितलंस काय रे?”

“काय?”

“ह्ये. वेगवान म्हंतोस ना? किती पळतं?”

बाकावर बसलेली चार माणसं वळून बघू लागली. कमलाकर खोटं बोलणारे नव्हते.

“नाही पाहिलं.”

“सा म्हैने मत देतोस आनि बगितलं नाय?” श्रीपत हसला नाही, हेच जास्त लागलं. “मी न बगितलेल्या बैलाला भरवशाचा म्हनलो तर गाव मला उभा करंल काय?”

कमलाकरांनी फडकं घेतलं आणि चौकोन पुसून टाकला. डोळ्यांनी पाहीन तेव्हाच या कोपऱ्यात पुन्हा लिहीन, असं ते सगळ्यांसमोर बोलले. वर्तमानपत्रातल्या बातम्या तरी तुम्ही कुठे पाहिलेल्या असता, असं त्यांना कोणीतरी म्हणायला हवं होतं, पण कोणाला सुचलं नाही.

रविवारी तबकडी छातीशी धरून ते महाडला गेले. बाजारपेठेत जिन्यावर संगणकाचा वर्ग होता. तिथे शिकवणारी दीक्षा ही बिरवाडीची, विशीतली मुलगी. कमलाकरांनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिने खुर्ची पुढे ओढून दिली.

“सर, हा खिसा कशाला?”

“तारखेच्या कार्डासाठी.”

दीक्षाने ओठ मिटून घेतले आणि तबकडी आत सरकवली. संगणकातून घरघर सुरू झाली. मग टेबल थरथरायला लागलं, मग टेबलावरचा पेला. आंबेनळी घाटात पहिला गिअर टाकलेल्या गाडीसारखा आवाज येऊ लागला, तशी तिने घाईने तबकडी बाहेर काढली.

“एका बाजूला वजन झालंय. चिठ्ठ्या काढाव्या लागतील.”

“मी काढतो. माझा हात बसलाय.”

जुन्या पुस्तकावरची चिठ्ठी सोडवण्यात कमलाकरांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्यांनी कडेला पाणी लावलं, थांबले, नखाने अलगद उचललं. चिठ्ठी आली. तिच्याबरोबर तबकडीचा चंदेरी मुलामाही आला. त्या जागेतून पलीकडचं कॅलेंडर स्वच्छ दिसू लागलं.

“गेली का?” त्यांनी विचारलं.

“गेली, सर.”

कमलाकर तबकडी हातात धरून बसले. आता निषादला कुठल्या तोंडाने लिहायचं? आणि तो कोपरा काय जन्मभर कोराच?

दीक्षाने खण उघडला. आत तशाच तबकड्या होत्या, वर निळ्या शाईने नावं घातलेल्या. एक काढून तिने पुसली.

“ही कुठून आणलीस?”

“शेजारी कारखान्यातले एक इंजिनिअर भाड्याने राहतात. त्यांच्याकडून नक्कल काढली.”

“विचारून?” बावीस वर्षांचा ग्रंथपाल बोलून गेला.

“विचारायचं कशाला सर? परवानगी आतच लिहिलेली असते.”

हे वाक्य कमलाकरांनी स्वतः फळ्यावर निदान दहा वेळा लिहिलं होतं. ते खरं असतं, हे त्यांना आत्ता कळलं.

पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. पाच मिनिटांनी चित्र आलं, बाण हलू लागला. कमलाकर दीड तास उठले नाहीत. हे काय, ते काय, याच्या आत काय, उघड, आणखी उघड. शेवटी दीक्षा म्हणाली, “सर, तुम्ही फी भरून वर्गालाच या ना!”

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मजकूर होता: ‘लिनक्स प्रत्यक्ष पाहिले. सुरू होण्यास वेळ लागतो. गाणे लावल्यास आवाज येत नाही. मराठी अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतात. आमचे मत: अजून पुष्कळ पाहायचे आहे.’

बाजाराच्या दिवशी श्रीपतने तो शांतपणे वाचला.

“आता कसं! इतके दिस नुसती आरती चालली व्हती. पन अक्षरं का चढतात?”

“माहीत नाही.”

“नीट कोन करनार?”

“ज्याला जमेल तो. आपण चूक कळवू शकतो.”

“कळवलीस?”

कमलाकरांनी खडू खाली ठेवला, आत जाऊन आंतरदेशीय पत्र काढलं आणि निषादला लिहायला बसले. चूक कळवायचा पत्ता काय? त्यावर उत्तर कोण देतं, तो माणूस राहतो कुठे, आणि त्याला मराठी वाचता येतं का?

श्रीपत खिडकीत वाकून म्हणाला, “त्या म्युनिकच्या पान्याचं पन इचार.”

ती ओळ पत्राच्या कडेला बसली.