प्लेटिंगचं काम

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थांनी एवढंच सांगितलं होतं की मुलगा भाईंदरला प्लेटिंगमध्ये आहे. आमचं गाव महाडजवळ. वडिलांना वाटलं, मुलगा ताटल्या बनवतो. त्यांनी आईला तसं सांगितलं आणि आईने साऱ्या वाडीला. लग्न होऊन केबिन रोडमागच्या चाळीत आले तेव्हा कळलं, हे नळांवर चमक चढवतात. पितळेचे मळकट नळ यांच्या हाताखालून आरशासारखे होऊन निघतात. त्यापुढे मी कधी विचारलं नाही. ते ‘येतो’ म्हणायचे, मी डबा हातात द्यायचे.

मुलगी आठवीत गेली तेव्हा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युत विलेपन’ असा शब्द आला. रविवारी दुपारी ती तो मोठ्याने वाचत बसली होती.

“विलेपन म्हणजे लेप ना, पप्पा? चंदनाचा लावतात तसा?”

“लेपच. पण हाताने नाही लावायचा, विजेने लावायचा.” त्यांनी पाण्याचं पातेलं पुढे ओढलं आणि दोन बाजूंना दोन चमचे उभे धरले. “हे साधं पाणी नाही, यात निकेलचा क्षार विरघळलाय असं समज. इकडे निकेलची पट्टी, तिकडे आपला नळ. दोन्हींना तारा जोडून करंट सोडला की पट्टी झिजत जाते आणि तो निकेल पाण्यातून जाऊन नळावर बसतो. केसाहून पातळ थर, पण घासून निघत नाही. त्यालाच इलेक्ट्रोप्लेटिंग म्हणतात. आमच्यातले हिंदीवाले म्हणतात, पानी चढाना.”

मीसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नवऱ्याचं काम कळत होतं. मुलीने पुढचं वाचलं. दागिने, सायकलचं हँडल, गंजापासून बचाव. धडा संपला तेव्हा त्यांनी विचारलं, “वाफेचं काही लिहिलं नाही?”

“कसली वाफ?”

“क्रोमच्या टाकीवर येते. निकेलनंतर वरून क्रोम द्यावा लागतो, त्याशिवाय ती चमक टिकत नाही.” एवढं बोलून ते उठले आणि चमचे जागेवर ठेवून आले.

त्या दिवसांत त्यांच्या नाकातून रक्त यायचं. जवळच्या दवाखान्यात सर्दीची औषधं झाली, उष्णतेची झाली. बोटांच्या पेरांवर खोल, गोल जखमा होत्या, त्यावर ते मलम लावून पट्टी बांधायचे. एकदा गॅसवर दूध करपलं, चाळभर वास गेला आणि हे तिथेच पेपर वाचत बसलेले. मी धावत आले तर म्हणाले, “काय झालं?” त्यांना वासच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांना मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “काम काय करता?”

“प्लेटिंग.”

“म्हणजे? प्लेट बनवता?”

मला वडील आठवले. मी मध्येच बोलले, “नाही बाई, विजेने धातूचा थर चढवतात. नळांवर. शेवटी क्रोम देतात, त्याची वाफ येते.”

बाईंनी लगेच बॅटरी घेतली, यांचं डोकं मागे केलं आणि एका नाकपुडीत उजेड पाडला. मग मला दुसऱ्या बाजूने बघायला सांगितलं. दुसऱ्या नाकपुडीतून तो उजेड आरपार दिसत होता. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं.

“दुखलं नाही कधी?”

“नाही,” हे म्हणाले.

“दुखत नाही, म्हणूनच माणसं उशिरा येतात. त्या वाफेनं आतून खाल्लंय. हे आता आपोआप भरून येणार नाही. टाकीपासून लांब राहिलात तर रक्त थांबेल, जखमाही भरतील. वासाचं मी सांगू शकत नाही.”

परत येताना घराजवळ आल्यावर हे म्हणाले, “मला दुसरं काही येत नाही.”

दोन दिवसांनी मी त्यांच्यासोबत गाळ्यावर गेले. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, पॅकिंगला बसायला सांगितलं. पण पॅकिंगचं टेबल त्याच गाळ्यात होतं. यांनी हात जोडले आणि नको म्हणाले. निघायच्या आधी ते मला टाकीजवळ घेऊन गेले. आत काळपट तांबडं पाणी होतं, त्यावर बारीक फेस आणि घसा धरणारं धुकं. त्यांनी नळ टांगलेली फ्रेम खाली सोडली, काही वेळाने वर काढून धुतली. नळांवर निळसर झाक असलेली सुंदर चमक आली होती. मला रडू आलं. ते म्हणाले, “बघ, एकसारखा बसलाय,” आणि फ्रेम दुसऱ्या माणसाच्या हातात दिली.

पुढे त्यांना एका सोसायटीत पाण्याचे पंप सांभाळायचं काम मिळालं. रक्त थांबलं. बोटांवर पांढरे डाग तेवढे राहिले. वास मात्र परत आला नाही. दुपारी ते शांत बसले की श्वासाबरोबर नाकातून बारीक शीळ वाजते, आम्हाला आता तिची सवय झाली आहे. कधी आम्ही किनाऱ्यावरच्या चौक गावात मासळी आणायला जातो. ते पापलेट हातात घेऊन माझ्या नाकाजवळ धरतात आणि विचारतात, “ताजं आहे ना?”