गिरणीपुढची खो-खोची रांग

शाळेत मी एकाच खेळात तरबेज होतो: गणिताचे सर वर्गात शिरले की मागच्या खिडकीतून बाहेर पडायचं. त्यामुळं माझ्या भाचीला खो-खोचं मैदान सुटेना, तेव्हा दाजींनी पहिला दोष दिला तो मामाच्या रक्ताला.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. आटपाडीकडचे, मेंढरांवर जगणारे. दिवाळी झाली की दोघं कळप घेऊन नदीकाठच्या रानांकडं निघतात. त्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पोर, म्हणून ती इस्लामपूरला आमच्याकडं, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहायची. सहामाहीला ती गणितात नापास झाली आणि दाजी थेट गिरणीत येऊन उभे राहिले.

"पावणं, पोरगी शिकायला ठिवली का पळायला? पळायचंच आसंल तर मेंढरांमागं बी पळता येतंय. चल गं, सामान बांध."

भाची रडली नाही. "पूर्वपरीक्षेपतूर थांबा, आप्पा. तवा बी नापास झाले तर आपणहून येते. पर मैदान सोडणार न्हाई."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "तिची जबाबदारी माझी," मी छाती फुगवून बोललो. गणितात मी स्वतः किती वेळा आपटलो, हे त्या घडीला कुणी विचारलं नाही ते बरं.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तिचा सगळा संघ गिरणीपुढच्या अंगणात येऊन बसला. मैदानात बसतात तसाच, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. एकीनं उभं राहून प्रमेयाची पहिली पायरी सांगायची आणि कुणाच्याही पाठीवर थाप मारून ओरडायचं, "खो!" जिला थाप बसली तिनं उठून लगेच पुढची पायरी सांगायची. शेजारणी उलट्या तोंडाच्या, त्यामुळं ओठांवरून उत्तर चोरायचीही सोय नाही. डोक्यात असेल तर सुटका.

एकदा एक मुलगी तापानं आली नाही. "मामा, तुमी बसा," भाची म्हणाली.

बायको दारातून म्हणाली, "आवं, गुडघं सांभाळा."

थाप पडली, उठलो, "काटकोन..." म्हणालो आणि थांबलो. गुडघे टिकले, डोकं टिकलं नाही.

"बाद!" सगळ्या पोरी एकदम ओरडल्या.

मग भाचीनं जमिनीवर सांडलेल्या पिठात बोटानं त्रिकोण काढून मला ते प्रमेय समजावलं. इतक्या वर्षांनी ते मला कळलं. माझ्यासारख्याला कळलं म्हणजे पोरीला किती कळलं असेल, याचा तेव्हाच अंदाज आला.

पूर्वपरीक्षेत ती गणितात वर्गात दुसरी आली. निकाल ऐकायला दाजी काठी घेऊनच आले होते. ऐकून बराच वेळ खांद्यावरची घोंगडी नीट करत राहिले.

"आन् खेळाचं काय?"

"जिल्ह्याच्या संघात घेतलंय, आप्पा. साताऱ्याला सामना हाय."

"मेंढरं तुझी आई बघंल. मी येतो."

साताऱ्याच्या मैदानावर दाजींना नियम एकही कळत नव्हता. तरी भाचीनं गडी टिपला की शेजारच्या अनोळखी माणसाला ते कोपरानं ढोसून सांगायचे, "माझी हाय ती. गणितात बी दुसरी हाय!"

मीही त्या माणसाला सांगितलं, मी हिच्या संघातून खेळलोय. बाद झालो ते काही सांगितलं नाही.