एक सूत आणि वर उलीसं

पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ संपायला बारा दिवस उरले होते आणि माझा पंख कॉम्प्युटरचं ऐकायला तयार नव्हता. गणित आणि प्रयोग जुळले नाहीत तर बाहेरच्या परीक्षकापुढं उभं राहण्यात अर्थ नव्हता. नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

पंख म्हणजे विमानाचाच, पण नमुन्याचा. माझ्या उंचीपेक्षा थोडा लांब, आत ॲल्युमिनियमची पट्टी, वरून थर्माकोल आणि पातळ कागद. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत भिंतीतल्या लोखंडी पकडीत त्याचं बूड आवळलेलं. लांब, सडपातळ पंखाच्या विमानाला इंधन कमी लागतं, पण असा पंख लई वाकतो, थरथरतो. ती थरथर आधीच गणितानं सांगता आली पाहिजे, नाहीतर हवेत मोडायचा. शाळेत बाकाच्या कडेला फुटपट्टी दाबून टोक सोडलं की टर्रर्र वाजायची ना, तेच माझं संशोधन. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग एवढा वेळ का लागून राहिला?"

गणिताच्या हिशेबानं पंख जितका भराभर हलायला हवा, त्याहून खरा पंख जास्त भराभर हलायचा. दर वेळी, तेवढ्याच फरकानं. मी नट आवळले, डिंक तपासला, छताचा पंखा बंद करून घामाघूम होत पुन्हा मोजलं. शेवटी माझ्या गाईड सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पकड ढिली असती तर पंख संथ हलला असता. डिंक सुटला असता तरी संथच. तुमचा जोरात हलतोय. कुठंतरी काहीतरी जास्त आहे, ते शोधा." एवढं बोलून चहाला गेले. मी मागं राहून जे पुटपुटले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका दुपारी मी लबाडीही केली. कॉम्प्युटरमध्ये ॲल्युमिनियमच्या ताठपणाचा आकडा थोडा वाढवला. पाच मिनिटांत आलेखातल्या दोन्ही रेषा, गणिताची आणि प्रयोगाची, एकीवर एक बसल्या. सहा वर्षांत जे जमलं नाही ते पाच मिनिटांत, आणि मी डबा न खाताच झाकून ठेवला. "हा आकडा कुठून आणला?" एवढंच परीक्षकानं विचारलं असतं तरी माझं खोटं उघडं पडलं असतं. मी ते सगळं पुसून टाकलं.

मग राग काढायला माणूस सापडला. पट्टी लातूरच्या मामानं दिली होती. तो गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. खोट मालातच असणार, असं मी ठरवूनच टाकलं. लातूरला जाणाऱ्या एसटीनं अहमदपूर ओलांडेपर्यंत मनातल्या मनात मामाशी दोनदा भांडून झालं होतं.

मामानं वेल्डिंग थांबवलं, तोंडावरची काच वर केली. "काय झालं माय, तोंड का उतरलं?"

"मामा, तुमची पट्टी खराब होती का? माझं सगळं तिच्यापायी अडकलंय."

तो स्टुलावर बसलाच. भाची माझ्या पट्टीवर विमान करून राहिली, असं त्यानं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं. "माझ्यामुळं अडकलं?" त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मी तीन एमएम मागितली होती."

"हाव. मग एक सूत दिली की."

"सूत म्हणजे तीन एमएमच ना?"

"तीनच. वर उलीसं."

"उलीसं म्हणजे किती?"

"सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. शिकलेली तू, तूच सांग."

मी मनात भागाकार केला आणि गेटच्या लोखंडावर मटकन बसले. तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर. पट्टीचा ताठपणा नुसत्या जाडीवर जात नाही, जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी असा येतो. म्हणजे मामाचं उलीसंही तीनदा गुणलं जाणार. मामानं पट्टीचा उरलेला तुकडा शोधला, खणातून जाडी मोजायचं व्हर्नियर काढून फुंकर मारली आणि मोजून दाखवलं. सूतच. तिथंच पत्र्याच्या पिंपावर लॅपटॉप उघडून मी जाडी बदलली. रेषा रेषेवर बसली, आणि या वेळी मी कुठला आकडा फुगवला नव्हता. मला रडू आलं. इतकं मोकळं वाटलं होतं की लाजही वाटली नाही.

मामा हातमोजे घालून तसाच उभा. "खराब हाय का पट्टी?"

"न्हाई मामा. पट्टी चोख हाय. मीच चुकले."

त्यानं श्वास सोडला आणि दोन चहा सांगितले. मग व्हर्नियर पुसता पुसता म्हणाला, "हे तुमच्या कॉलेजात नसतंय का?"

असतंय. एक तर माझ्याच टेबलावर होतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी परीक्षकांनी आलेख बघितले, चष्मा वर केला आणि जाडीवर बोट ठेवलं. "हा आकडा कुठून आणला?"

"मोजून, सर," मी म्हणाले.