पेटी उघडायची की नाही

मामा आखातात गेला तो मॉल आणि गोदामांत एसीचे डक्ट बसवायला. त्याआधी घाटकोपरला, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, तो आणि त्याचा जोडीदार पत्र्याचं काम करायचे. तिकडे ऐन उन्हाळ्यात एका छतावर काम करताना तो कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, नैसर्गिक. तापलेल्या छतावर माणूस उभा करायचा आणि तो पडला की निसर्गाचं नाव पुढे करायचं, हे मला मान्य नाही. त्याबद्दल मी अर्ज केलेत आणि करत राहीन. पण त्या दिवसांत मामीला कारण नको होतं. माणूस हवा होता.

कंपनीचा माणूस फोनवर मला समजावत होता की इथेच दफन करून टाकू, तुम्ही फक्त संमती पाठवा, तुमचाही त्रास वाचेल. मामीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"दफन नाय. हमारा आदमी हमको दो. मेरे को उसको देखने का है," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पुढचं सगळं माझ्याकडे आलं, कारण घरात ईमेल लिहिणारी मीच. दूतावासाचा ना हरकत दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, तिकडच्या पोलिसांचा कागद, देह टिकावा म्हणून त्यात औषध भरल्याचं प्रमाणपत्र. एक कागद मिळाला की दुसरा अडायचा. तिथे मामाच्या खोलीत राहणारा एक बिहारी मुलगा रजा टाकून फिरत होता. "दीदी, आज पुलिसवाला हो गया," असे त्याचे बोललेले मेसेज यायचे मोबाईलवर. दूतावासातल्या साहेबापेक्षा मला त्याचा आधार वाटायचा.

मामी साड्यांना फॉल-पिको करते. ती मशीनवरून उठली की एकच विचारायची, "तोंड बघता येईल ना गं?"

"येईल," मी म्हणायचे. न येण्यासारखं काही मला दिसत नव्हतं.

विमान पहाटे उतरणार होतं. मी कागद घेऊन सहारला विमानतळाच्या कार्गोच्या फाटकावर गेले. कस्टम झालं, आरोग्य खात्याचा शिक्का झाला, आणि मामीचा फोन आला.

"सगळे बाहेर आले गं. हा कुठाय?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. वस्तीतल्या मंडळाचा टेम्पो भरून सगळे लोक, पांढऱ्या कपड्यांत, हार घेऊन, प्रवासी बाहेर येतात त्या दारात उभे होते. मामा सुट्टीवर यायचा तेव्हा त्याला तिथूनच आणायचे. कुणाला वेगळं काही सुचलंच नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

"मामी, तो त्या दारातून नाही येणार. इकडे ये. मालाच्या दारातून येईल."

फोनवर तिच्या मागे कुणीतरी टेम्पोवाल्याला हाका मारायला लागलं.

पेटी लाकडी होती. वर कोणती बाजू ठेवायची त्याचे बाण, आणि मार्करनं लिहिलेलं मामाचं नाव. कागदपत्रं करून देणारा एजंट शववाहिकेत पेटी चढवताना म्हणाला, "खोलू नका हां. डायरेक्ट स्मशानात न्या." एवढंच. पण मंडळाच्या अध्यक्षकाकांनी ते कायदा असल्यासारखं उचललं. घाटकोपर येईपर्यंत मागे बसलेल्या पुरुषांचं ठरलंसुद्धा. विहारासमोर पाच मिनिटं पेटी बंदच ठेवायची, भन्तेजी त्रिशरण-पंचशील देतील, की निघायचं. मामी पुढे ड्रायव्हरशेजारी होती. मध्ये एक काच होती. कुणी ती वाजवली नाही.

विहारासमोर पेटी टेकवली. मामी उतरली आणि म्हणाली, "उघडा."

"वहिनी, नको," अध्यक्षकाका म्हणाले. "इतके दिवस झालेत. काय दिसेल, कसं दिसेल. तुम्हाला झेपायचं नाही."

"मला झेपेल का ते मला विचारलंत कधी?"

ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. समजाव तिला."

"काका, आठ मार्चचं पत्रक तुम्हीच वाटलंत ना? बाईचा निर्णय बाईचा, म्हणून?"

"ते पत्रक होतं गं. ही पेटी आहे."

"मग पुढच्या वेळी खाली बारीक अक्षरात छापू, पेटीला लागू नाही."

मागे कुणीतरी हसलं. काका चिडले. ते वाईट माणूस नाहीत, वस्तीत कुणी गेलं की पहिले तेच धावतात. पण धावणारा तो ठरवणारा, हे आमच्या चळवळीतही कुणी बदललेलं नाही. मी कागदांची पिशवी उघडली आणि त्यांना प्रमाणपत्र दाखवलं. संसर्ग नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पेटी उघडू नये असं एकाही कागदावर नव्हतं.

त्यांनी ते वाचलं. "आत जस्ताचा पत्रा झाळून बंद केलेला असतो," ते म्हणाले. "तो कोण कापणार?"

मामाचा जोडीदार मघापासून विहाराच्या पायरीवर बसला होता. तो उठला, वळणावरच्या त्या दोघांच्या गाळ्यात गेला आणि पत्रा कापायची कातरी घेऊन आला. "बाजूला व्हा रे सगळे," म्हणाला. लाकडी झाकणाचे स्क्रू काढले. पत्रा डोक्याच्या बाजूनं कापला. आणि मग, डक्टच्या कामात करतात तसं, कापलेली कड पक्कडीनं आत दुमडत गेला. घाई करा म्हणणाऱ्याला त्यानं एक शिवी हासडली. "वहिनीचा हात लागणारे इथं."

कड दुमडून झाल्यावर तो मागे सरकला. भन्तेजी थांबले होते.

मामी वाकली. मी तिच्याजवळ उभी होते, पडली तर धरायला. ती पडली नाही. मामाचा चेहरा काळवंडला होता, थोडा सुजला होता, पण मामाच होता. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला.

"दाढी वाढवली होती," ती म्हणाली. "मला सांगितलं नाही."

मग रडली. आम्ही रडू दिलं.

थोड्या वेळानं जोडीदारानं हळूच विचारलं, "वहिनी, लावू का झाकण?"

"नको," तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोकांनी कुठं बघितलंय अजून."

बायका पुढे आल्या, मग मुलं, मग पुरुष. रांग वळणापर्यंत गेली. अध्यक्षकाका चपला काढून रांगेत शेवटी उभे राहिले.